मुंबईहून दोन-तीन रात्रींची क्रूझ : सोलापूरकरांसाठी माहितीचा धागा

सागरी_मैल

सुट्ट्या जवळ आल्या की क्रूझचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतात आणि उत्तरं हरवून जातात. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, तेव्हापासून विचारणारे वाढलेत. सोलापूरहून जाणाऱ्यांना लागणारी माहिती इथे एकत्र करू. ज्यांना यातलं नक्की ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. ऐकीव नको.

सुरुवात वेळेपासून करतो, कारण आपल्याकडच्या लोकांचा घोळ तिथेच होतो.

छोट्या फेऱ्या करणारं जहाज होम पोर्टला (फेरी जिथून सुरू होते आणि जिथे संपते त्या बंदराला) सकाळी लागतं आणि त्याच संध्याकाळी सुटतं. सकाळी सात-आठपासून जुने प्रवासी उतरतात, साधारण दहापर्यंत जहाज रिकामं होतं. मग खोल्या साफ करायच्या, चादरी-टॉवेल बदलायचे, भाजी-दूध चढवायचं, कचरा उतरवायचा, गोडं पाणी आणि इंधन भरायचं, आणि दुपारपासून नवे प्रवासी घ्यायला लागायचं. सात रात्रींच्या जहाजाला हे आठवड्यातून एकदा करावं लागतं, दोन-तीन रात्रींच्या जहाजाला दोनदा, कधी तीनदा. बंदराचा पायलट (जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा माणूस) आणि टग (जहाज ओढणारी बोट) ठरलेल्या वेळी येतात. त्यामुळे चेक-इन सुटण्याच्या दीड-दोन तास आधीच बंद होतं, आणि प्रवाशांची अंतिम यादी एकदा पुढे गेली की गेटवर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. तुमच्या व्हाउचरवर चेक-इन बंद होण्याची वेळ असते. ती पाहा, जहाज सुटण्याची नको.

आता गाडी. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोचवते. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटून साडेबाराच्या सुमारास पोचते. कागदावर दोन्ही जुळतात. पण सोलापूर-मुंबई ४५५ किलोमीटर आहे, मध्ये घाट आहे, कल्याणपुढे लोकलची गर्दी आहे. वंदे भारतला तास-दीड तास उशीर झाला की हातात काहीच उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जाताना सिद्धेश्वर, येताना वंदे भारत. परतीला जहाज सकाळी लागतं आणि वंदे भारत दुपारी चारच्या सुमारास सुटते, त्यामुळे निवांत वेळ मिळतो. ही गाडी आठवड्यात एक दिवस नसते, आणि तो वार जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा, तेवढं बघून घ्या. सिद्धेश्वरने लवकर पोचलात तर सामान स्टेशनच्या अमानती सामानगृहात ठेवा. त्यांना बॅग कुलूपबंद लागते.

आणखी एक. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' किंवा 'बोट' सांगितलं तर तो भाऊच्या धक्क्यावर नेऊ शकतो. तिथून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी फेरीबोट) सुटते. तुम्हाला हवं ते बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट. सीएसएमटीपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर.

विजापूर_रोड

नमस्कार. पासपोर्ट लागतो का? घरात कोणाचाच नाही. आधार चालेल का?

शिक्का_पावती

फेरी कुठे जाते त्यावर आहे. मुंबई-गोवा-मुंबई, मुंबई-लक्षद्वीप, किंवा समुद्रात जाऊन परत येणारी फेरी असेल तर ती देशांतर्गत. सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, आधार चालतं. मूळ कार्ड न्या, मोबाइलमधल्या फोटोवर अवलंबून राहू नका. श्रीलंकेला जाणारी फेरी असेल तर पासपोर्ट आणि तिथली प्रवेशपरवानगी दोन्ही हवं, आणि पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक असावी.

नेहमी अडतं ते नावावरून. आपल्याकडे तिकीट काढताना 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' असा क्रम कोणी कसाही टाकतो. बुकिंगवरचं नाव ओळखपत्राशी अक्षराअक्षराने जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधार बदललं आणि पॅन जुनंच राहिलं असेल तर बुकिंग आधारवर करा आणि तेच सोबत घ्या. लहान मुलांचंही ओळखपत्र लागतं. शाळेचं कार्ड चालेल असं गृहीत धरू नका, आधार किंवा जन्मदाखला ठेवा.

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझवाले तो स्वतः काढतात, पण त्यासाठी तुमची कागदपत्रं आधी मागतात. शेवटच्या आठवड्यात बुकिंग करणाऱ्यांचं तिथेच अडतं.

जुळे_सोलापूर

सासऱ्यांना गाडीत मळमळतं. जहाज लागेल का त्यांना? खोली कुठली घ्यावी? एजंट वरच्या मजल्याची बाल्कनी घ्या म्हणतोय.

डेक_तीन

ताई, एजंट महागडी खोली सुचवतोय, सासऱ्यांसाठी ती चुकीची आहे. जहाज दोन प्रकारे हलतं: पुढचं-मागचं टोक वर-खाली होतं, आणि डावी-उजवीकडे झुकतं. दोन्हींचा त्रास मध्यभागी आणि खालच्या डेकवर सगळ्यात कमी, पुढच्या टोकाला आणि वर सगळ्यात जास्त. तेव्हा मधल्या भागातली, खालची, शक्य असल्यास खिडकीची खोली घ्या. क्षितिज दिसलं की डोक्याला बरं वाटतं. लिफ्ट आणि जिना बहुधा मधल्या भागात असतातच, म्हणजे वयस्कर माणसाचं चालणंही कमी होतं.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात. डोलणं तेच आवरतात. पण ते पंखांवरून पाणी वेगात वाहत असेल तरच नीट काम करतात. दोन रात्रींची 'समुद्रात जाऊन परत' अशी फेरी इंधन वाचवायला रात्री हळू चालते. वेग कमी झाला की पंखांचा जोर कमी होतो. म्हणून कमी अंतराच्या फेरीत कमी डुलेल असं समजू नका. गोव्याची फेरी त्या मानाने बरी: मुंबई ते मुरगाव सुमारे २३० सागरी मैल, १५ नॉटने (तासाला १५ सागरी मैल) पंधरा-सोळा तास, म्हणजे रात्रभर एकसारखा वेग.

औषध मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी. जहाज सुटायच्या तासभर आधी घ्यायचं असतं. या गोळ्यांनी झोप येते. सासऱ्यांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर यातल्या बऱ्याच गोळ्या त्यांना चालत नाहीत. आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आलेपाक, सुकी पोळी, थोडंथोडं खाणं याने फरक पडतो. पहिल्या संध्याकाळी बुफेवर तुटून पडू नका.

अरबी समुद्र डिसेंबर ते मार्च बराच शांत असतो. मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळं होतात. तौक्ते मे २०२१ मध्येच आलं होतं. वयस्कर सोबत असतील तर डिसेंबर-जानेवारी धरा.

हिप्परगा

जाहिरातीत दाखवतात तेवढ्यात होतं का? शेवटी किती वाढतं?

सागरी_मैल

होत नाही, दादा. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि एका खोलीत दोघं आहेत असं धरलेला. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतो. छोट्या फेरीत हे वरचे खर्च डोळ्यात भरतात, कारण मूळ भाडं कमी आणि बंदर शुल्क तेवढंच. एकट्याने खोली घेतली तर जवळपास दोघांचं भाडं द्यावं लागतं. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत असेल तर त्याचं भाडं बरंच कमी. चौघांच्या कुटुंबाने एक खोली घेतली तर पैसे वाचतात, पण वरच्या दोन बर्थ भिंतीतून उघडणाऱ्या असतात, शिडी चढावी लागते. सासूबाईंना वर पाठवता येणार नाही.

मुख्य जेवणघर आणि बुफे भाड्यात येतं. खास रेस्टॉरंट, दारू, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, वाय-फाय वेगळं. डॉक्टरांकडे गेलात तर तेही वेगळं, आणि कमी नसतं. प्रवास विमा घ्यायचा तर त्यात जहाजावरचा उपचार येतो का ते वाचून घ्या.

मोबाइल जहाजावर चढतानाच विमान मोडवर टाका. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप चिकटतो. त्याचे दर साध्या रोमिंगच्या कितीतरी पट असतात, आणि बिल घरी आल्यावरच कळतं.

बंदर रद्द होऊ शकतं हेही धरून चाला. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून उतरवतात. लाटा असल्या तर कॅप्टन उतरवत नाही. अशा वेळी परत मिळतं ते बहुधा फक्त त्या बंदराचं शुल्क. नियमावलीत तसंच लिहिलेलं असतं.

विजापूर_रोड

जुनं जहाज आहे म्हणतात. सुरक्षित असतं का?

डेक_तीन

वय आणि सुरक्षितता वेगळ्या गोष्टी आहेत, काका. मुंबईहून चालणारी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' घ्या. १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरला बांधली, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी २११ मीटर, ७९६ खोल्या, ४८,५६३ टन. इथे टन म्हणजे वजन समजू नका, आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. मला या जहाजाबद्दल आदर आहे तो एका कारणाने: मियामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठीच ते आखलं गेलं होतं. आज आपण ज्या कामाला वापरतोय त्याच कामाला ते जन्मलं. लांब प्रवासासाठी बांधलेलं जहाज वय झाल्यावर छोट्या फेऱ्यांवर टाकतात, तसं याचं नाही. बाल्कनीच्या खोल्या कमी आहेत, कारण त्या काळी त्यांची चाल नव्हती. तुम्हाला बाल्कनी हवीच असेल तर बुकिंग लवकर करा.

सुरक्षिततेत तुमच्या हातातली गोष्ट एकच: मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत जमण्याची तालीम. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमा व्हायचं. जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीजवळ खडकावर गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता ड्रिल सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावंच लागतं. आपली जागा कुठली ते खोलीच्या दारामागे आणि कार्डावर लिहिलेलं असतं. खोलीतून तिथपर्यंत एकदा जिन्याने चालून या. लिफ्ट त्या वेळी बंद असते.

वायरमन_६०

विजेचं कोणी लिहिलं नाही. खोलीत दोन प्रकारचे सॉकेट असतात: चपट्या पिनांचा ११० व्होल्ट, आणि दोन गोल पिनांचा २२० व्होल्ट. वारंवारता ६० हर्ट्झ. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं, ते निर्धास्त लावा. आपली तीन पिनांची प्लग बसणार नाही, दोन पिनांचा चार्जर न्या.

इस्त्री, हिटर, किटली, कॉइल चढताना स्कॅनरवर सापडते आणि काढून ठेवतात. जहाजावर आग ही सगळ्यात वाईट गोष्ट, पळायला जागा नसते. एक्स्टेन्शन बोर्डचं कारण जरा वेगळं आहे. घरात न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. जहाजात वीज लोखंडी सांगाड्यापासून तोडून ठेवतात, म्हणजे एका वायरचा दोष झाला तरी यंत्रं बंद पडू नयेत. अशा वेळी दोन्ही वायरींत सांगाड्याच्या तुलनेत दाब असतो. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डातला भाग या दोन्ही वायरी अर्थला जोडून पाहतो, आणि तो तापून पेट घेऊ शकतो. बोर्ड हवाच असेल तर सर्ज नसलेला, साधा यूएसबी हब न्या.

जुळे_सोलापूर

फार उपयोगी. आमच्याकडे पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण नसलेलं लागतं. मिळतं का? शेंगाचटणी-कडक भाकरी नेऊ का?

शिक्का_पावती

भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. बुकिंग करतानाच नोंदवा, चढल्यावर सांगितलं तर पहिल्या रात्री हाल होतात. शिजवलेलं घरचं अन्न आणायला बहुतेक जहाजं मनाई करतात, कारण पोटाचा साथरोग एकदा शिरला की बंद जागेत तो आवरत नाही. कडक भाकरी कोरडी असली तरी घरचीच. सोलापुरातल्या दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या आणि कंपनीच्या मनाई-यादीशी ताडून बघा.

हात साबणाने धुवा. जहाजांवरच्या जुलाब-उलट्यांना बहुतेक वेळा नोरोव्हायरस कारण असतो, आणि त्याच्यावर अल्कोहोलचा सॅनिटायझर नीट चालत नाही. दाराशी कोणी हातावर फवारलं तरी जेवणाआधी बेसिनवर जा.

हिप्परगा

पावसाळ्यात काय करतात जहाजाचं?

सागरी_मैल

जून ते ऑगस्ट पश्चिम किनाऱ्यावर खराब हवामानाचा काळ असतो. त्या दिवसांत जहाज पूर्व किनाऱ्यावर जातं. २०२२ च्या जूनपासून चेन्नईहून फेऱ्या झाल्या. सोलापूरकरांना हे खरं तर सोयीचं आहे. मुंबई-चेन्नईच्या गाड्या वाडी-गुंटकल मार्गे आपल्याकडूनच जातात, रात्रभराचा प्रवास. गाडी चेन्नई सेंट्रलला जाते की एग्मोरला ते तिकिटावर पाहा. बंदर चेन्नई बीच स्टेशनच्या बाजूला आहे. तिकडच्या फेऱ्यांत श्रीलंका असेल तर पासपोर्टचं वरचं सगळं लागू. चेन्नईला एक दिवस आधी पोचा, एवढ्या लांबच्या गाडीवर त्याच दिवसाचा भरवसा नको.

आणि एकदम वर्षभर आधीचे पैसे अडकवू नका. मुंबईला होम पोर्ट करणाऱ्या कंपन्या आल्या तशा गेल्याही. जलेश क्रूझेस २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये बंद झाली. चालू हंगामाचंच बुकिंग करा, पैसे कार्डाने भरा.

जेकार्ड_माग

विषय थोडा वळवतो, पण तो सोलापूरचाच आहे. होम पोर्ट म्हणजे खरेदी. जहाज जिथे वळतं, म्हणजे जुने प्रवासी उतरवून नवे घेतं, तिथे माल चढतो, आणि त्या मालात टॉवेल आहेत. सोलापुरी टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, माग आपल्याकडे आहेत, मुंबई एका रात्रीवर आहे. तरी जहाजाचा टॉवेल इथून का जात नाही, याचा हिशोब मांडतो.

वरच्या 'एम्प्रेस'च्या ७९६ खोल्या, दोघांप्रमाणे १,५९२ अंगपुसणी. एक जोड खोलीत, एक लाँड्रीत, एक कपाटात, वर थोडा फाटका-हरवलेला, म्हणजे साडेतीन पट धरा: साधारण साडेपाच हजार नग. ७० × १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल ४९० ग्रॅम भरतो. वळणाच्या दिवशी सगळे एकदम धुवायचे तर ७८० किलो सुका माल. पिळून काढल्यावरही त्यात निम्म्या वजनाचं पाणी राहतं, म्हणजे ३९० किलो पाणी वाळवून उडवायचं. आपण ६०० जीएसएमचा 'भारी' टॉवेल दाखवतो, तर तेच पाणी ४६८ किलो होतं. दर वळणाला ७८ किलो पाणी जास्त, तेवढं इंधन जास्त, आणि वेळ तर नाहीच. आपला व्यापारी हात लावून जाडी दाखवतो, खरेदीवाला वाळायला किती मिनिटं लागतात ते बघतो. छोट्या फेरीच्या जहाजाला ४५० ते ५०० पुरे.

आता बिघडतं कुठे. एक, बॉर्डर. पट्टीत लूप (टॉवेलवरचे धाग्यांचे वेढे) नसतात, ती वेगळी आटते, आणि चार धुण्यांत चुण्या पडतात. साधा बिनपट्टीचा टॉवेल द्या. दोन, लूप ओढले जाणं. जमिनीचा, म्हणजे लूपखालच्या तळाच्या विणीचा, ताणा दुहेरी सुताचा आणि घट्ट ठोकलेला हवा. माग लवकर चालावा म्हणून पिक (आडवे धागे) कमी केले की लूप सुटतात. तीन, शिवण. कडा उसवल्या की टॉवेल बाद, कापड कितीही चांगलं असो. कोपऱ्यांवर उलट टाका द्या. चार, सिलिकॉन सॉफ्टनर. दुकानात मऊ लागतो, पण पाणी शोषत नाही. बादलीत तुकडा टाका, काही सेकंदांत बुडाला पाहिजे. तरंगत राहिला तर तो माल पाठवू नका.

हिप्परगा

रंगीत चालतील का? आपल्याकडे रंगीतच जास्त निघतात.

जेकार्ड_माग

खोलीतले पांढरेच. पोहण्याच्या तलावाचे रंगीत घेतात, बहुधा निळे, आणि तिथे आपल्याला संधी आहे. पण रंग क्लोरीनला टिकणारा हवा. आपल्याकडे सर्रास वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंग तलावाच्या पाण्याने आणि ब्लीचने उतरतात. व्हॅट रंग लागतो. तो महाग आहे, सगळ्या डाइंग हाउसमध्ये होत नाही, आधी विचारून घ्या. नमुना देण्याआधी स्वतः ब्लीचच्या पाण्यात बुडवून वाळवून बघा, पाच-सहा वेळा. उन्हाच्या क्रीमचाही प्रश्न असतो. त्यातलं एव्होबेन्झोन पाण्यातल्या लोहाशी मिळून ब्लीचमध्ये नारिंगी डाग सोडतं. ती कापडाची चूक नाही, पण माल परत येतो तेव्हा कोणी ऐकून घेत नाही. म्हणून धुण्याची सूचना गाठोड्यावर छापून द्या: आधी डिटर्जंट, डाग गेल्याशिवाय ब्लीच नाही.

शिक्का_पावती

विकायचं कसं, तेही सांगतो. जहाजावर थेट कोणी घेत नाही. माल शिप चँडलरमार्फत (जहाजांना सामान पुरवणारा व्यापारी) किंवा कंपनीच्या खरेदी विभागामार्फत जातो. किनारी फेरीवरच्या जहाजाला दिलेला माल ही देशातलीच विक्री, नेहमीचं जीएसटी बिल. परदेशी फेरीवर निघालेल्या जहाजाला 'शिप स्टोअर्स' म्हणून दिला तर शिपिंग बिल आणि कस्टमची प्रक्रिया लागते. एकच जहाज हंगामाप्रमाणे दोन्ही प्रकारच्या फेऱ्या करतं, तेव्हा ऑर्डरवर कुठली फेरी ते लिहून घ्या.

पोच देण्याची वेळ वळणाच्या दिवशीच्या सकाळची असते. टेम्पो रात्रीच मुंबईत पोचलेला हवा, आणि बंदरात शिरायला गाडीचा आणि माणसाचा गेटपास आधी काढलेला हवा. पास चँडलर काढून देतो, त्यासाठी ड्रायव्हरचं आधार आणि गाडीची कागदपत्रं आधीच पाठवावी लागतात. ऐनवेळी ड्रायव्हर बदलला तर गाडी गेटबाहेरच उभी राहते आणि माल पुढच्या फेरीवर जातो. दोन ड्रायव्हरांचे पास काढून ठेवा.